बिघडलेलं जनुक तसंच, तरी सिकलसेल आटोक्यात कसा येतो?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने तयार केलेल्या ‘बिरसा १०१’ या उपचाराची घोषणा झाली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा, क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करणारा हा पहिला भारतीय उपचार. तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करारही झाला. सिकलसेल म्हटलं की महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट, नागपूर ही नावं आपोआप पुढे येतात, त्यामुळे आपल्याकडे या बातमीची चर्चा होणारच होती. ती वाचून बहुतेकांनी लावलेला अर्थ असा: बिघडलेलं जनुक कापून काढायचं आणि त्या जागी चांगलं बसवायचं.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण २०२३ मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मंजूर केलेला जगातला पहिला क्रिस्पर उपचार, कॅसजेवी, असं काहीही करत नाही. बिघडलेल्या जनुकाला तो हातच लावत नाही. ते जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि उपचार चालतो क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर. तिथलंही तो कोणतं प्रथिन बिघडवत नाही, ज्यातून प्रथिन बनतच नाही अशा डीएनएच्या एका छोट्या तुकड्यात काप घेतो. आणि रुग्णाचे दुखण्याचे झटके थांबतात.

मुलगी एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला मॉलिक्युलर जेनेटिक्स घेते तेव्हा घरच्यांना प्रश्न पडतो की बी.एस्सी.त डीएनए, आरएनए, मेंडेल सगळं झालं, आता शिकायचं काय उरलं? उरलेलं सगळं या एका उपचारात सापडतं. जनुक म्हणजे काय, हे पदवीपर्यंत कळलेलं असतं. ते कधी, कुठे आणि किती चालतं, ते कोण ठरवतं आणि हे आपल्याला कशावरून कळलं, हा पुढच्या वर्गांचा विषय आहे.

एका अक्षराचा फरक डोळ्यांनी दिसतो

आधी आजार समजून घेऊ. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि ती चारच प्रकारची: ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांच्या गटाने एकेक अमिनो आम्ल ठरतं आणि अशी अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून प्रथिन बनतं. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं आहेत. त्यांतल्या सहाव्या जागेसाठी ‘जीएजी’ अशी अक्षरं हवीत, सिकलसेलमध्ये तिथे ‘जीटीजी’ असतात. म्हणजे ३०० कोटींत एक अक्षर बदललं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं.

इतका बारीक फरक जिल्हा रुग्णालयाच्या लॅबमध्येही दिसतो, आणि तो कसा दिसतो हे पाहण्यासारखं आहे. रक्तपेशी फोडून मिळालेलं हिमोग्लोबिन थेंबभर एका पट्टीवर लावतात, पट्टीची टोकं अल्कलाइन द्रावणात बुडवतात आणि वीज सोडतात. यालाच इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. अशा द्रावणात हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे सरकू लागतं. नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन पुढे जातं. ‘एस’ मागे रेंगाळतं, कारण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि व्हॅलिनवर काहीच नसतो. वाहकाच्या, म्हणजे जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असलेल्याच्या, पट्टीवर ए आणि एस असे दोन बँड येतात, रुग्णाच्या पट्टीवर ए चा बँडच नसतो. विदर्भात आरोग्यसेवक आणि रुग्ण ज्याला ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात ते हेच. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा भाराचा फरक दाखवला आणि सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. सात-आठ वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं ते शोधून काढलं.

त्या एका व्हॅलिनने एवढा घोळ कसा होतो? व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडते आणि हे व्हॅलिन तीत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत लांब तंतू तयार होतात. मऊ, गोल लाल पेशी ताठर होते आणि विळ्याच्या आकाराची बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत, छातीत, पोटात असह्य दुखतं, प्लीहा निकामी होते, कोवळ्या वयात पक्षाघातही होऊ शकतो. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कायम कमी.

बाळ पहिले काही महिने ठणठणीत कसं राहतं?

बिघाड जन्मापासूनच अंगात असतो, तरी एसएस पॅटर्नच्या बाळाला पहिले काही महिने काहीच होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये या गोष्टीवर बोट ठेवलं आणि कारणही सुचवलं: बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन आहे, तेच त्याला वाचवतंय.

गर्भात असताना आपण वेगळं हिमोग्लोबिन वापरतो. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. गॅमा साखळीची जनुकं अकराव्या गुणसूत्रावर बीटाच्या जवळच, एकाच ओळीत बसलेली आहेत. जन्माच्या सुमारास गॅमा मंदावतं आणि बीटा जोर धरतं. वर्षभरात गर्भातलं हिमोग्लोबिन नाममात्र उरतं. गॅमाचं जनुक कुठे जात नाही, बिघडत नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत ते आजही धडधाकट आहे, फक्त बंद आहे.

आणखी एक धागा १९५० च्या दशकात हाती आला. काही कुटुंबांत गॅमा जन्मानंतरही चालूच राहतं आणि त्या लोकांना त्याचा काही त्रास होत नाही. अशा माणसाला सिकलसेलचं जनुकही मिळालं असेल तर आजार जवळपास जाणवतच नाही, कारण गॅमा असलेलं हिमोग्लोबिन त्या तंतूंत शिरत नाही आणि तंतू वाढू देत नाही. निसर्गाने उपाय करून दाखवला होता. गॅमा बंद कोण करतं, एवढंच कळायचं राहिलं होतं, आणि ते कळायला पुढे पन्नास वर्षं लागली.

इथे आपल्याकडच्या एका समजाबद्दल बोललं पाहिजे. भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त असतं, त्यामुळे ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ असं सर्रास म्हटलं जातं. सरासरी म्हणून त्यात तथ्य आहे. पण नागपूरच्या वॉर्डात वारंवार भरती होणाऱ्या मुलाच्या आईला ही सरासरी सांगण्यात काही अर्थ नाही. महाराष्ट्रातही तीव्र आजाराचे रुग्ण आहेत आणि सौम्यपणाच्या समजापायी त्यांच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होणं मला फार घातक वाटतं.

बंद करणारा सापडला, पण तोच हे कशावरून?

पदव्युत्तर वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो या प्रश्नावर, आणि माझ्या मते विषयाचा खरा कस इथेच लागतो.

२००७-०८ मध्ये युरोपातल्या आणि विशेषतः सार्डिनिया बेटावरच्या हजारो लोकांच्या रक्तातलं गर्भ-हिमोग्लोबिन मोजलं गेलं. प्रत्येकाच्या डीएनएतल्या लाखो जागा तपासून पाहिलं की हे प्रमाण ज्यांच्यात जास्त आहे त्यांची अक्षरं कुठे वेगळी आहेत. क्रमांक दोनच्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकापाशी ठळक खूण दिसली. तोवर हे जनुक पांढऱ्या पेशींच्या संदर्भात माहीत होतं, हिमोग्लोबिनशी त्याचा काही संबंध असेल असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पण खूण सापडणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं होत नाही. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे दर आठवड्याला एकाने शोधनिबंध मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची त्या तासाला, हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. ‘कंट्रोल काय होता?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. म्हणजे, जो बदल केला तो वगळून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं तर काय झालं? नवख्या विद्यार्थ्याला हा छळ वाटतो. दोन वर्षांनी तो स्वतःच वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या बातम्यांना हा प्रश्न विचारू लागतो.

इथे पुरावा पायरीपायरीने आला. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने २००८ मध्ये माणसाच्या लाल पेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींत बीसीएल११ए कमी केलं, तर गॅमा वाढलं. म्हणजे बीसीएल११ए हा रेप्रेसर आहे, दुसऱ्या जनुकाला बंद ठेवणारं प्रथिन. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींतून हे जनुक काढून टाकलं, तर उंदरांचा आजार मावळला. त्यानंतर काही मुलं अशी सापडली की ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत जन्मतःच नव्हती. त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर होतं. अशा तीन-चार वेगवेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्या तेव्हा कुठे ‘हेच कारण’ म्हणायची सोय झाली.

मग बीसीएल११ए काढूनच का टाकत नाहीत?

कारण त्या मुलांच्या रक्ताबरोबर आणखीही काही दिसलं होतं. त्यांच्यात बौद्धिक वाढीच्या अडचणी होत्या. मेंदू घडताना बीसीएल११ए लागतं, प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनाही लागतं. ज्यांतून सगळ्या रक्तपेशी घडतात त्या मूळपेशींनाही त्याची गरज असते, त्यामुळे ते सरसकट बंद करणं रक्तापुरतंसुद्धा धोक्याचं.

खेड्यात एका शेतातली मोटार बंद करायची असेल तर कोणी गावाची डीपी पाडत नाही. त्या शेताच्या स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज काढतात. बाकीच्या मोटारी चालू राहतात. बीसीएल११एचंही तसंच आहे. जनुक एकच, पण कोणत्या प्रकारच्या पेशीत ते चालावं यासाठी डीएनएत वेगवेगळे तुकडे असतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. त्यांच्यातून प्रथिन बनत नाही, त्यांच्यावर दुसरी प्रथिनं येऊन बसतात आणि जनुकाला चालना देतात. मेंदूच्या पेशीतला तुकडा निराळा, लाल पेशी घडवणाऱ्या पेशीतला निराळा. २०१३ मध्ये डॅनियल बॉवर आणि ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं की सार्डिनियातली ती खूण लाल पेशींच्या एन्हान्सरमध्येच पडते. दोन वर्षांनी त्यांनी क्रिस्परने त्या तुकड्यात ठिकठिकाणी काप घेऊन पाहिले. बहुतेक कापांनी काही विशेष घडलं नाही. पण एका चिमुकल्या जागेवर काप बसला की गॅमा उसळी घेत होतं. जीएटीए१ नावाचं, लाल पेशी घडवणारं प्रथिन तिथे येऊन बसतं. फ्यूज सापडला होता.

कॅसजेवी तेवढीच जागा मोडतं. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी गोळा करतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात कॅस९ हे कापणारं प्रथिन आणि २० अक्षरांची वाटाड्या आरएनएची साखळी सोडतात. साखळी स्वतःशी जुळणारी जागा शोधते, कॅस९ तिथे काप घेतं. पेशी तो काप घाईघाईने सांधते, त्यात दोन-चार अक्षरं गळतात किंवा जास्तीची शिरतात. एवढ्याने जीएटीए१ला बसायला जागा उरत नाही. अमेरिकी नियामकाने मंजुरी देताना पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेले ३१ रुग्ण पाहिले. त्यांतल्या २९ जणांना किमान सलग वर्षभर एकही तीव्र झटका आला नव्हता.

मूळ चूकच दुरुस्त करणं बरं नव्हे का?

शंका अगदी रास्त आहे. अडचण पेशीच्या स्वभावात आहे. काही मोडायचं असेल तर घाईची सांधणी चालते, उलट तिचाच फायदा होतो. एक अक्षर नेमकं बदलायचं असेल तर बरोबर अक्षरांचा नमुना पुरवावा लागतो आणि पेशीने तो पाहून काळजीपूर्वक सांधणी करावी लागते. रक्ताच्या मूळपेशी बहुतेक काळ निवांत, न विभागता पडून असतात आणि अशी सांधणी मुख्यतः विभागणाऱ्या पेशी करतात. म्हणजे ज्या पेशी आयुष्यभर रक्त पुरवणार, त्यांच्यातच दुरुस्ती कमी होते.

दुसरा मार्ग बेस एडिटिंगचा. यात डीएनएचे दोन्ही धागे तोडत नाहीत, एका अक्षराचं रसायन बदलून त्याचं दुसरं अक्षर करतात. पण आज हाताशी असलेल्या साधनाने ‘जीटीजी’चं परत ‘जीएजी’ करता येत नाही, ‘जीसीजी’ करता येतं. त्याने व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलॅनिन येतं. योगायोग असा की हे हिमोग्लोबिन निसर्गात आधीच आढळलंय. ‘मकास्सार’ या नावाने ते ओळखलं जातं आणि त्याने पेशी विळ्यासारखी होत नाही. उंदरांवर हा उपाय यशस्वी झालाय.

काप भलत्याच जागी बसला तर?

बसू शकतो. २० अक्षरांशी जवळपास जुळणाऱ्या इतर जागाही डीएनएत असतात. प्रयोगशाळेत त्या आधी शोधून तपासतात, पण तपासताना कोणाचा डीएनए समोर ठेवला हे महत्त्वाचं ठरतं. बीसीएल११एच्या याच वाटाड्या साखळीबाबत पुढे असं आढळलं की आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत असलेल्या एका अक्षराच्या फरकामुळे त्यांच्या डीएनएत कापासाठी एक नवी, नको असलेली जागा तयार होते. संदर्भासाठी वापरतात त्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या नमुन्यात, ही जागा दिसणारच नव्हती. त्यातून रुग्णांना इजा झाल्याचं पुढे आलेलं नाही, पण धडा पक्का आहे. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, त्याचं मोल इथे कळतं. गोंड, कोरकू, भिल्ल, कोलाम, माडिया समाजांच्या डीएनएतले फरक आधी माहीत नसतील, तर त्यांच्यासाठीचा उपचार सुरक्षित आहे हे तपासणार कसं? आयजीआयबीच्या गटाने फ्रॅन्सिसेला नोविसिडा या जिवाणूतल्या कॅस९वर बरीच वर्षं काम केलंय ते याचसाठी. अक्षरं नीट जुळली नाहीत तर हे कॅस९ काप घेण्याचं टाळतं.

बदल पुढच्या पिढीत जाईल का, असंही लोक विचारतात. जात नाही. बदल फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतो, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही. त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. उपचार घेतलेली व्यक्ती सिकलसेलचं जनुक मुलांना देतच राहते. त्यामुळे लग्नाआधीच्या रक्ततपासणीची गरज संपत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, ती तशीच राहते.

धडगाव किंवा एटापल्लीच्या रुग्णापर्यंत हे पोचेल का?

कॅसजेवीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, मंजुरीच्या वेळच्या दराने १८ कोटी रुपयांच्या घरात. भारतीय उपचाराकडून अपेक्षा आहे ती हा आकडा खाली आणण्याची, आणि त्यालाही आधी रुग्णांवरच्या चाचण्यांतून जावं लागेल. पण नुसती किंमत उतरून भागणार नाही. बदललेल्या पेशी अंगात सोडण्याआधी जुन्या मूळपेशींना जागा मोकळी करावी लागते. त्यासाठी बुसल्फान हे जालीम औषध देतात, त्याने वंध्यत्व येऊ शकतं. मग निर्जंतुक खोलीत कित्येक आठवडे राहावं लागतं. ज्या रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय आहे तिथेच हे होऊ शकतं, आणि अशी रुग्णालयं मोठ्या शहरांत आहेत.

म्हणून आज रुग्णाला सर्वांत जास्त उपयोग आहे तो साध्या गोष्टींचा: वेळेवर निदान, लहानपणी पेनिसिलिन आणि लसी, आणि हायड्रॉक्सीयुरिया. ही जुनी, स्वस्त गोळीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते, म्हणजे वाट तीच. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासणीत जो एसएस निघाला त्याला ही गोळी दरमहा, न चुकता, गावाजवळ मिळाली पाहिजे. क्रिस्परच्या बातम्यांच्या गर्दीत ही मागणी मागे पडू नये असं मला फार वाटतं.

संशोधनाची पुढची दिशा बुसल्फान आणि निर्जंतुक खोली दोन्ही टाळण्याची आहे: पेशी बाहेर न काढता, चरबीच्या सूक्ष्म कणांत औषध भरून ते इंजेक्शनने थेट अस्थिमज्जेत पोचवायचं. उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत. अडचण अशी की रक्तात सोडलेले हे कण बहुतेक यकृतात जाऊन बसतात. त्यांना मूळपेशींकडे वळवायला कणाच्या पृष्ठभागावर काय लावायचं, किती पेशी बदलल्या म्हणजे पुरे, आणि बदललेल्या पेशी दहा-वीस वर्षं टिकतात का, हे आज पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांसमोरचे चालू प्रश्न आहेत. मुंबईत आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे आणि तिचं सिकलसेल, थॅलेसेमियासाठीचं केंद्र खुद्द चंद्रपुरात आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्याला या प्रश्नांवर काम करायचं असेल, तर ज्यांच्यासाठी ते करायचं ते रुग्ण त्याच्या जिल्ह्यातच आहेत.